84 ची ऑल-माउंटन कार्व्हिंग स्की पिस्टवर कशी चालते? सकाळी बरी, दुपारी मस्त

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. तू म्युनिकला असतोस, तीन सीझन भाड्याच्या स्कीवर काढलेस, लाल (म्हणजे मध्यम अवघड) उतार न घाबरता उतरतोस, उंची 174, वजन 82, दहातले नऊ दिवस पिस्टवरच, म्हणजे मशीनने सारख्या (ग्रूम) केलेल्या उतारावरच जातात. आता दुकानदाराने 84 मिलिमीटर कंबरेची (म्हणजे पायाखाली तेवढी रुंद) ऑल-माउंटन कार्व्हिंग स्की, डोंगरावर कुठेही चालणारी आणि न घसरता कडेवर कापत वळणारी, हातात ठेवून सांगितलंय की ही एकच घ्या, सगळीकडे चालते. तर खरंच चालते का, पिस्टवर नेमकी कशी लागते, आणि दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत गुलमर्गला जातोस तेव्हा हीच नेता येईल का.

मी दुकानदार नाही, मला काही विकायचं नाहीये. इथल्या एका स्की क्लबमध्ये बरीच वर्षं शनिवार-रविवारी शिकवतो आणि घरी तळघरात स्वतःच्या नि मित्रांच्या स्कीजना धार लावत बसतो, बायकोच्या मते हा एक आजार आहे. त्यामुळे जे सांगतो ते पायाखालून गेलेलं आहे.

उत्तर असं की चालते, चांगलीच चालते, पण ती स्की सकाळी नऊची नाही, दुपारी दोनची आहे. दुकानात हे कोणी सांगत नाही कारण तिथे सगळेच "पिस्ट" म्हणतात, जणू पिस्ट म्हणजे एकच गोष्ट. तशी नसते रे. तोच उतार दिवसभरात तीन-चार वेळा रूप बदलतो.

रात्री काय होतं ते बघ. लिफ्ट बंद झाल्या की ती मोठी मशीन्स निघतात, पिस्टनबुली किंवा प्रिनोथची, पुढच्या पात्याने लोकांनी केलेले ढीग पसरवतात, मागचा फिरता टिलर बर्फ दळून काढतो आणि सगळ्यात शेवटी एक रबरी कंगवा त्यावर रेघा ओढतो. सोऱ्यातून शेव पडावी तशा त्या रेघा. त्यानंतर खरं काम थंडी करते, दळलेले कण एकमेकांना चिकटत जातात आणि काही तासांत तो बर्फ घट्ट होतो. म्हणून संध्याकाळीच ग्रूम केलेला उतार सकाळी कडक मिळतो आणि पहाटे केलेला जरा भुसभुशीत. (जाता जाता, लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर रेंगाळू नकोस, तीव्र उतारावर ही मशीन्स लांबलचक लोखंडी दोरावर चालतात, तो दोर अंधारात दिसत नाही आणि एकदम ताणला जातो. माणसं मेलीयेत त्याने.) तर सकाळी तुला मिळतो तो असा घट्ट, एकसारखा पृष्ठभाग. अकराच्या सुमारास वरचा थर खरवडला जाऊन मधे मधे चकाकणारे कडक पट्टे आणि कडेला सैल बर्फ. दुपारी त्या सैल बर्फाचे ढिगारे, आणि मार्चमध्ये कमी उंचीवर, समजा ऑस्ट्रियात विल्डर काइझरच्या भागात असशील, तर दोन वाजता सगळी साबुदाण्याची खिचडी.

आता स्कीकडे. वरून बघितलीस तर डमरूसारखी दिसते, पुढे रुंद, मधे कंबर, मागे परत रुंद. तुझ्या त्या साइझच्या स्कीचे आकडे साधारण 134-84-118 असे असतील असं धरू. म्हणजे कडेचा बाक मधोमध 21 मिलिमीटर खोल आला. बर्फाला टेकणारी लांबी 1.55 मीटर धर. शाळेतली वर्तुळाची जीवा आठवतेय का, लांबीचा वर्ग भागिले आठ पट खोली, उत्तर येतं 14.3 मीटर. स्कीवर जो रेडियस छापलेला असतो तो हाच, आणि लोक तो आकडा असा धरून बसतात की जणू स्की तेवढंच वळण घेणार. मुळीच नाही. स्की आडवी कलवलीस की ती वाकते आणि वळण लहान होतं, 30 अंश कलवलीस तर 12.4 मीटर, 45 ला 10 च्या आसपास, 60 ला 7 मीटर. हे कडक बर्फावरचं कागदी गणित आहे, मऊ बर्फात स्की आत रुतून अजून वाकते, पण अंदाज येतो.

ह्याच गणितातून आणखी एक गंमत निघते. 45 अंश कललेलं, 10 मीटरचं वळण तोलात राहायला वेग लागतो ताशी 36 किलोमीटर, फार नाही. पण त्या क्षणी तुझं 82 किलोचं शरीर 116 किलोचं झालेलं असतं आणि त्यातला बहुतेक भार बाहेरच्या एकाच पायावर. म्हणून मी विद्यार्थ्यांना म्हणतो की कार्व्हिंग म्हणजे स्टाइल नाही, एका पायावरच्या बैठका आहेत. मोटरसायकलवर घाटातलं वळण घेताना गाडी आडवी पाडतोस ना, तसंच, फक्त इथे टायरच्या जागी दोन स्टीलच्या पट्ट्या आणि सीटच्या जागी तुझ्या मांड्या.

आता कंबरेचा प्रश्न, खरी मेख इथे आहे. कडक बर्फावर स्कीचा पूर्ण तळ टेकत नाही, फक्त एज, म्हणजे कडेची ती स्टीलची पट्टी टेकते. तुझ्या पायाचा मध्य स्कीच्या मधोमध, आणि टेकलेली एज तिथून अर्ध्या कंबरेइतकी लांब. 68 च्या पिस्ट स्कीला ते अंतर 34 मिलिमीटर, 84 ला 42. आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तरफेचा हात जवळपास चोवीस टक्क्यांनी लांब झाला. स्की सतत परत सपाट व्हायला बघते आणि ती तिरकी धरून ठेवायचं काम घोटा, नडगी आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतं. शिवाय एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला शरीराला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन वळणांच्या मधे 84 ची स्की अर्धा क्षण विचार करते असं वाटतं. 68 ची विचारत पण नाही, टप टप जाते.

लक्षात घे, मी पकड कमी असते असं म्हणत नाहीये. हा लोकांचा कायमचा घोळ. चांगल्या बांधणीची 84, आत टायटनाल ह्या धातूचे थर असलेली, धार नीट असलेली, कडक बर्फावर पुरेशी पकडते. फरक पकडीत कमी आणि वेळेत नि मेहनतीत जास्त असतो. सकाळी गार्मिशला हाउसबर्गच्या सावलीतल्या उतारावर, कडक आणि तीव्र भागात, माझी 68 ची स्की जिथे आपणहून कापत जाते तिथे 84 वर मला थोडं आधी कलायला लागतं, थोडा धीर धरायला लागतो. धीर धरला तर रेघ तितकीच स्वच्छ पडते. घाई केली तर मागचा भाग घसरतो आणि ताटावर खिळा ओढल्यासारखा तो आवाज येतो.

आणि दुपारी उलटं होतं सगळं! सैल बर्फात स्की थोडी रुतते, मग भार एकट्या एजवर न राहता तळावर पसरतो, तरफेचा हात आपोआप छोटा होतो, गुडघ्याला सुटका. रुंद टोक ढिगाऱ्यावर चढून पुढे जातं, तिथे अरुंद स्कीचं टोक आत घुसतं, अचानक पकडतं आणि तुला पुढे फेकायला बघतं. टोकाला जो थोडा उचललेला भाग असतो, रॉकर म्हणतात तो, सकाळी सपाट धरल्यावर हवेत फडफडतो आणि लोक घाबरतात की काही सैल आहे का, तोच दुपारी जीव वाचवतो. दोन वाजता, पाय दमलेले, उतारावर गर्दी, प्रत्येक दहा फुटावर वेगळा बर्फ, अशा वेळी वळणाचा मधला भाग जरा घसरवून परत एज पकडायची सोय ह्या स्कीत आहे. शुद्ध स्लालमवाल्या, म्हणजे छोट्या झटपट वळणांच्या शर्यतीच्या स्कीला असलं अर्धवट वागणं चालत नाही, एक तर काप नाही तर पड.

मग तुझ्यासाठी प्रश्न एवढाच की तुझा स्कीइंगचा दिवस कधी सुरू होतो. पहिल्या लिफ्टला रांगेत उभा असतोस, साडेअकराला थकतोस आणि घरी निघतोस, असा असशील तर 84 नको, 70 ते 74 ची घे आणि मजा कर. पण मला वाटतं तू (आणि मुलं, डबे, गाडीचं पार्किंग वगैरे सांभाळणारे आपल्यातले बहुतेक) दहाच्या आत उतारावर पोचत नाहीत, मग जेवण, मग परत चार वाजेपर्यंत. त्या दिवसाला 78 ते 84 हे अगदी बरोबर आहे. मी स्वतः तुझ्या जागी असतो तर 78 च्या आसपासची घेतली असती, 84 म्हणजे तुला जमेल त्याच्या वरच्या टोकाला, पण वजन 82 आहे म्हणून चालेल, हलक्या माणसाला मी नाही म्हटलं असतं.

पण "84" हा आकडा बघून थांबू नकोस. हेडची सुपरशेप ई-टायटन आणि फोल्कलची डीकन 84, दोन्ही त्याच रुंदीच्या, आणि त्याच रुंदीची एखादी हलकी, धातू नसलेली, पावडरकडे (ताज्या, न दाबलेल्या बर्फाकडे) झुकलेली ऑल-माउंटन घेशील तर पिस्टवर जमीन-अस्मानाचा फरक. एलानच्या विंगमनमध्ये तर डावी आणि उजवी स्की वेगळी असते, आतल्या एजला कॅम्बर (रॉकरच्या उलट, मधे उचललेला बाक), बाहेरच्या एजला रॉकर, त्यामुळे उलट घालायची सोय नाही. ही तीच स्लोव्हेनियाची एलान कंपनी, जिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला युरी फ्रान्को आणि पावेल श्कोफिच ह्या इंजिनियरांनी खोल साइडकटची (कडेला जास्त बाक असलेली) एससीएक्स नावाची स्की बनवली आणि दोन मीटर लांब सरळसोट पट्ट्यांचा जमाना संपत गेला. आज आपण तीन सीझनमध्ये जे शिकतो ते त्याआधी शिकायला लोकांचं अर्धं आयुष्य जायचं.

टायटनालबद्दल एक गैरसमज, ते टायटॅनियम नाही. ॲल्युमिनियमचं मिश्रधातू आहे, ऑस्ट्रियातली आमाग कंपनी बनवते. लाकडी गाभ्याच्या वर-खाली त्याचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पातळ पत्रे असतात. काम दोन, एक तर स्की पिळली जात नाही म्हणजे मधे जेवढी कलवलीस तेवढीच टोकाला पण कलते, आणि दुसरं, कडक बर्फावरची थरथर शोषली जाते. रुंद स्कीला पहिलं काम जास्त महत्त्वाचं कारण रुंद टोकाला पिळायची ताकद पण जास्त लागते. दुकानात स्कीचं टोक आणि कंबर धरून ओल्या टॉवेलसारखी पिळून बघ. सहज पिळली तर सकाळी नऊला रडशील.

लांबी 170 ते 173. दुकानदार 177 म्हणाला तर नको म्हण. रॉकरमुळे लांब घ्या असं सांगतात, पण तिरकी केल्यावर अशा स्कीची जवळपास पूर्ण एज टेकते. विश्वास नसेल तर गालिच्यावर 45 अंशात धर आणि दाब, टोक खाली येताना दिसेल.

आता धार. ह्यावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो. नवीन ऑल-माउंटन स्की बहुतेक वेळा तळाच्या बाजूने 1 अंश आणि कडेने 88 अंशाच्या आसपास येते, म्हणजे शर्यतवाल्यांच्या 87 पेक्षा जरा बोथट, आणि ते ठीक आहे. 84 वर 87 केलीस तर सकाळी थोडं बरं वाटेल, जास्त नाही. खरा फरक पडतो तो धार जिवंत आहे का ह्याने. बोटाचं नख एजवर हलकं घासून बघ, पांढरा चुरा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर नाही. भाड्याच्या स्कीजवर तुझी तीन सीझन गेली, मी पैज लावतो त्यातल्या निम्म्या दिवसांत नखाचा चुरा निघाला नसता, आणि तुला वाटलं असेल की मलाच बर्फावर जमत नाही. दोन दिवस झाले की डायमंडचा दगड कडेने चार-पाच वेळा फिरव, एवढंच. आणि एक, दुकानातून धार लावून आणलीस की एजवरून कापूस फिरव, अडकला तर कंगोरा राहिलाय. एकदा मी अशीच नवी धार केलेली जोडी घेऊन थेट लिफ्टला गेलो, खालच्या बाजूला बारीक कंगोरा राहिलेला, पहिल्याच वळणात स्कीने असं पकडलं की मला सोडायलाच तयार नाही, सरळ जाळीत. तेव्हापासून कापूस खिशात.

बुटांचं तुला विचारायचं सुचलं नाही पण सांगतो. नडगी आणि बुटाच्या जिभेत फट असेल, टाच वर उचलली जात असेल, तर वरचा सगळा हिशोब पाण्यात. रुंद स्कीला तिरकं धरणारा तूच आहेस आणि तुझ्या नि स्कीच्या मधे फक्त बूट आहे. भाड्याचे बूट घालून नवी 84 घेणार असशील तर थांब, ह्या वर्षी बूट घे, स्की भाड्यानेच चालू दे.

तंत्राचं एकच सांगतो, कारण अरुंद स्की तुझी चूक लपवते आणि रुंद स्की चारचौघांत सांगते. लाल उतार जमतो म्हणालास, पण कसा ते बघायला हवं. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात, रेघा ताज्या असताना, एकदम सपाट निळ्या उतारावर जा, वेग येऊ दे, आणि खांदे, नितंब काहीही न फिरवता फक्त दोन्ही घोटे आणि गुडघे एका बाजूला झुकव. थांब. स्की स्वतः वळेपर्यंत वाट बघ, ती वळतेच, डमरूचा आकार असल्यावर करणार काय. मग दुसऱ्या बाजूला. खाली जाऊन मागे वळून बघ. रेल्वेच्या रुळासारख्या दोन बारीक रेघा असतील तर तू कापतोयस. झाडू मारल्यासारखा रुंद पट्टा असेल तर तू ढकलतोयस, आणि बहुतेक वळणाच्या सुरुवातीलाच ढकलतोयस, शेवटी नाही. 84 वर रुळ पडायला 68 पेक्षा जरा जास्त वेग आणि जरा जास्त झुकाव लागतो, म्हणून लोक दोन प्रयत्नांत कंटाळतात आणि परत ढकलायला लागतात. दहा वेळा कर.

गुलमर्गचं. नको नेऊस. मी स्वतः तिथेच शिकलो, पहिल्यांदा स्की लावली ती तिथल्या सरकारी संस्थेच्या चौदा दिवसांच्या कोर्सला, आमच्या बॅचमध्ये पुण्याचे ट्रेकर पाच-सहा होते आणि सगळे पहिल्या दिवशी बसून उतरले. तिथे ग्रूम केलेला भाग थोडाच, खाली आणि कोंगडोरीच्या, म्हणजे गंडोलाच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्याच्या आसपास. गंडोला दुसऱ्या टप्प्यात तुला अफरवटवर 3,900 मीटरच्या वर सोडतो आणि तिथून खाली सगळा मोकळा डोंगर, फेब्रुवारीत गुडघाभर पावडर. 84 त्यात बुडते, उतरता येतं पण मांड्या पेटतात. तिथे शंभरच्या पुढची भाड्याने मिळते, ती घे, विमानात सामानाचा जाच वाचेल. आणि वर जायचं तर ॲव्हलांचचा गाइड घेऊनच, तिथे हिमस्खलनं होतात आणि माणसं गेलीयेत.

उलटा शहाणपणा मी करून चुकलोय. गुलमर्गसाठी म्हणून 98 ची जोडी विकत घेतली, आणि मग पैसे वसूल करायचे म्हणून तीच पूर्ण सीझन इथल्या पिस्टवर चालवली. फेब्रुवारीच्या शेवटाला उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने जिना उतरताना कळ यायला लागली. फिजिओने विचारलं नवीन काय करताय, मी म्हटलं काही नाही, स्की तेवढी बदललीये. 68 वर परत आलो, तीन आठवड्यांत गेली. 84 ला इतकं होत नाही, पण गुडघ्याला पूर्वी काही झालं असेल तर 78 च्या वर जाऊ नकोस.

घ्यायच्या आधी एक दिवस टेस्ट कर. लिफ्टच्या पायथ्याशी जी भाड्याची दुकानं असतात त्यातली बरीच दिवसात स्की बदलून देतात, आधी विचारून घे. सकाळी 84 घे, जेवणाआधी 72 च्या आसपासची, आणि जेवणानंतर परत 84. एकच उतार, तोच, तिन्ही वेळा. बूट तुझेच, आणि बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग) सेटिंग दर वेळी तपासून घे, वजन सांगताना लाजून दोन किलो कमी सांगू नकोस. नऊला जी स्की जड वाटली तिच्यावर तीनला उतरताना मांड्या काय म्हणतात ते कळव, मग लांबी आणि मॉडेलचं बोलू.